गवत, लोकर आणि बॅटरी : बर्फात पाय ऊबदार ठेवण्याच्या चटपटीत गोष्टी

डिसेंबर लागला की पुण्या-मुंबईहून ट्रेकर्सचे गट उत्तराखंडात केदारकंठ्याकडे निघतात. जानेवारी-फेब्रुवारीत काहीजण लडाख गाठून गोठलेल्या झंस्कर नदीवर ‘चादर’ चालतात, तर काहीजण गुलमर्गच्या उतारावर स्कीइंग शिकतात. जॅकेटची निवड महिनाभर चालते; मोजे मात्र निघायच्या आदल्या रात्री बॅगेत कोंबले जातात. आणि कॅम्पवर पोचल्यावर पहिली तक्रार येते ती पायाच्या बोटांची!

आता बाजारात बॅटरीवर तापणारे मोजे, म्हणजे हीटेड सॉक्स, मिळू लागले आहेत. ते खरंच उपयोगी पडतात का? पडतात, आणि चांगलेच पडतात. पण पाय कोरडा असेल, बूट सैल असेल आणि रक्त खेळतं असेल, तरच. या तीन गोष्टी माणसाला हजारो वर्षांपासून ठाऊक आहेत. त्या कुणाला कशा कळल्या आणि बॅटरीनं त्यात काय भर घातली, त्याच्या या काही मजेदार आणि कामाच्या गोष्टी.

बोटांचा नंबर शेवटचा

थंडी झोंबू लागली की शरीर आपली ऊब हृदय, फुप्फुसं आणि मेंदूसाठी राखून ठेवतं. हातापायांच्या त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि बोटांकडे जाणारं गरम रक्त कमी होतं. त्यात पायाच्या बोटांची अडचण दुहेरी. ती लहान, त्यामुळे आकारमानाच्या मानानं त्यांचा पृष्ठभाग मोठा आणि ऊब निसटायला वाव जास्त. शिवाय ऊब तयार करणारे मोठे स्नायू तिथं नाहीतच. बोटं हलवणारे ताकदवान स्नायू पोटरीत बसलेले असतात. म्हणूनच हीटेड सॉक्समधली तापणारी तार बहुधा बोटांभोवती आणि चवड्याखाली फिरवलेली असते.

मिटणाऱ्या-उघडणाऱ्या वाहिन्या

बोट बर्फाच्या पाण्यात बुडवलं तर ते गार पडतं, दुखतं, आणि मग पाच-दहा मिनिटांत आपोआप थोडं गरम होतं! पुन्हा गार, पुन्हा गरम. थॉमस लुईस या ब्रिटिश वैद्यकीय संशोधकानं १९३०मध्ये याचं वर्णन केलं. ‘हंटिंग रिॲक्शन’ या नावानं ते प्रसिद्ध आहे. आकसलेल्या वाहिन्या मधूनच उघडतात, ताजं रक्त आत सोडतात आणि पेशींना वाचवतात. पण सगळं शरीरच गारठलेलं असेल, तर ही सोय फार दुबळी पडते. पोटात गरम जेवण आणि अंगावर पुरेसे कपडे असले, तर बोटांनाही त्याचा फायदा मिळतो तो असा.

घाम : बुटातला चोर

दोन्ही पायांत मिळून घामाच्या ग्रंथी सुमारे अडीच लाख! चढ चढताना त्या जोरात काम करतात, आणि थांबल्यावर तोच घाम पाय गारठवतो. कारण सरळ आहे. स्थिर हवेच्या तुलनेत पाणी उष्णता सुमारे पंचवीस पट वेगानं वाहून नेतं. म्हणून अनुभवी ट्रेकर कॅम्पवर पोचताच आधी मोजे बदलतात, चहा मग. झोपेसाठीचा कोरडा जोड ते वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवतात आणि दिवसा त्याला हातही लावत नाहीत. हीटेड सॉक्स घातले तरी हा नियम सुटत नाही. उलट चढावर हीटर चालू ठेवला तर घाम वाढतो. चढताना हीटर बंद, थांबल्यावर चालू : एवढं साधलं की निम्मं काम झालं.

५,३०० वर्षांपूर्वीचं गवताचं अस्तर

१९ सप्टेंबर १९९१ रोजी ऑस्ट्रिया-इटली सीमेवरच्या आल्प्समध्ये, ३,२१० मीटर उंचीवर, बर्फात एक माणूस सापडला. ‘ओट्झी’ या नावानं आज जग त्याला ओळखतं. तो जगला सुमारे ५,३०० वर्षांपूर्वी. त्याच्या बुटांचा तळ अस्वलाच्या कातड्याचा आणि वरचा भाग हरणाच्या कातड्याचा. आत झाडाच्या सालीच्या दोऱ्यांची जाळी, आणि त्या जाळीनं धरून ठेवलेलं वाळकं गवत! गवताच्या काड्यांमध्ये हवा अडकते आणि अडकलेली हवा ऊब धरून ठेवते. झेक प्रजासत्ताकातले पादत्राणतज्ज्ञ पेत्र ह्लावाचेक यांनी या बुटांच्या प्रतिकृती करून त्या डोंगरात वापरून पाहिल्या, आणि त्या थंडीत उत्तम टिकल्या.

तेच साल, दुसरी घटना

ओट्झी सापडला त्याच १९९१ साली जपानच्या सोनी कंपनीनं लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. हजारो वर्षं जुनं गवती अस्तर उजेडात आलं त्याच वर्षी मोज्याच्या काठात मावणाऱ्या बॅटरीचा रस्ताही खुला झाला! या बॅटरीचा पाया घालणाऱ्या जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ही बॅटरी येण्याआधी, १९७०च्या दशकात, अमेरिकेतले शिकारी आणि बर्फावर मासेमारी करणारे हौशी लोक टॉर्चच्या जाड सेलवर तापणारे मोजे घालत. सेल जड, ऊब थोडी, आणि तीही लवकर संपणारी. लिथियमनं हे गणितच पालटलं.

दक्षिण ध्रुवावर गेलेलं गवत

उत्तर युरोपातले सामी लोक रेनडिअरच्या कातड्याच्या बुटांत ‘सेन्नेग्रास’ नावाचं गवत भरतात. ते आधी बडवून मऊ करायचं, मग पायाभोवती घरट्यासारखं बसवायचं. पायाचा घाम गवत शोषून घेतं. रात्री ते बाहेर काढून झटकलं की गोठलेला दमटपणा झडून जातो आणि सकाळी तेच गवत पुन्हा वापरता येतं. रॉबर्ट स्कॉट आणि रोआल्ड अमुंडसेन, दोघांच्याही अंटार्क्टिक मोहिमांत हे बूट आणि हे गवत होतं. अमुंडसेन १४ डिसेंबर १९११ रोजी दक्षिण ध्रुवावर पोचला. त्याआधीच्या हिवाळ्यात त्याच्या माणसांनी आपले स्कीचे बूट पुन्हा पुन्हा उसवून मोठे केले होते, कारण आत मोजे बसले तरी बोटं मोकळी हलायला हवी होती.

दोन जाड मोजे, दुप्पट थंडी

पाय गार पडतात म्हणून नेहमीच्या बुटात दोन जाड मोजे चढवणं ही फार सर्रास होणारी चूक आहे. बूट घट्ट झाला की दोन गोष्टी होतात : लोकरीतली हवा दाबली जाते आणि रक्ताची वाट अडते. पाय आणखी गार! बूट विकत घेताना, किंवा भाड्यानं घेताना, थंडीत घालणार असाल तेच मोजे घालून पाहा. आत सगळी बोटं वर-खाली हलली पाहिजेत. हीटेड सॉक्स साध्या मोज्यांपेक्षा जाड असतात आणि त्यांच्या बॅटऱ्या पोटरीपाशी बसतात, म्हणून दुकानात जाताना ते सोबत न्या. उंच गळ्याच्या बुटाची वरची कड बॅटरीवर दाबत नाही ना, हेही तिथंच कळतं.

मेंढीची करामत

लोकर आपल्या वजनाच्या सुमारे तीस टक्के पाणी बाष्परूपात शोषून घेते, तरी हाताला ओली लागत नाही. गंमत म्हणजे बाष्प शोषताना ती थोडी उष्णताही सोडते! मेरिनो मेंढीची लोकर बारीक असल्यामुळे टोचत नाही. तिचे चांगल्या मोज्यांतले धागे साधारण १७ ते २० मायक्रॉन जाडीचे असतात. सुती मोजा याच्या अगदी उलट. घाम पिऊन तो जड होतो, चोळामोळा होतो आणि वाळता वाळत नाही. ऑफिसचे सुती मोजे बर्फात नेऊ नका. हीटेड सॉक्स घेतानाही लेबलवर आधी लोकरीचं प्रमाण पाहा, मोबाइल ॲपची सोय नंतर.

रोमन सैनिकाला घरून आलेलं पार्सल

इंग्लंडच्या उत्तर भागात विंडोलांडा नावाचा रोमन किल्ला होता. तिथं इसवी सन १००च्या आसपासच्या, लाकडाच्या पातळ पट्ट्यांवर शाईनं लिहिलेल्या चिठ्ठ्या सापडल्या. त्यातल्या एकीत सैनिकाला पाठवलेल्या वस्तूंची यादी आहे : मोजे, सँडल आणि आतले कपडे! इजिप्तमध्ये सापडलेला लाल लोकरीच्या मोज्यांचा जोड त्यानंतरचा, साधारण इसवी सन २५० ते ४२० या काळातला. तो लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. त्याचा अंगठा वेगळा विणलेला, म्हणजे सँडलच्या पट्ट्यात तो नीट बसावा. मोजे घालून सँडल वापरायची रीत निदान सोळाशे वर्षं जुनी निघाली!

हिमालयाची स्वतःची पादत्राणं

काश्मीरमध्ये भाताच्या पेंढ्याचे ‘पुलहोर’ विणत. बर्फावर ते घसरत नसत आणि पेंढ्यातली हवा पायाला ऊब देई. लडाखमध्ये लोकरीचे, याकच्या केसांचे ‘पाबू’, तर कुल्लूमध्ये वनस्पतीच्या धाग्यांपासून विणलेल्या ‘पुला’. हाताला मिळेल त्या साहित्यातून प्रत्येक खोऱ्यानं आपलं उत्तर शोधलं. मनालीच्या किंवा लेहच्या बाजारात हातविणीचे लोकरीचे मोजे दिसले तर जरूर घ्या. बुटात घालायला जाड वाटले तरी तंबूत, झोपताना, त्यांच्यासारखा सोबती नाही.

खंदकातला शत्रू

पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीवरच्या खंदकांत सैनिक दिवसचे दिवस चिखलपाण्यात उभे असत. पाय सुजत, बधिर होत, काळे पडत. हाच ‘ट्रेंच फूट’. यात पाय गोठावा लागत नाही. तापमान शून्याच्या वर असलं तरी सततच्या गार ओलाव्यानं रक्तवाहिन्या आणि नसा खराब होतात. ब्रिटिश सैन्यानं त्यावर काढलेले उपाय साधे होते : पायाला देवमाशाचं तेल चोळा, रोज मोजे बदलून कोरडे घाला आणि एकमेकांचे पाय तपासा. शेवटचा उपाय आजही तितकाच मोलाचा आहे. पाय बधिर झाला की त्याच्या मालकाला काही कळत नाही. म्हणून मुक्कामाला टॉर्च लावून जोडीदाराची बोटं बघायचीच.

आपल्याकडची आठवणही विसरू नये. १९६२च्या युद्धात ईशान्येच्या उंच डोंगरांत अनेक भारतीय जवान कॅनव्हासच्या बुटांत आणि सुती कपड्यांत लढले, आणि थंडीनं त्यांच्यातले कितीतरी जायबंदी झाले. सियाचिनवर १९८४पासून जवान पहारा देत आहेत. तिथं कित्येक थरांचे खास बूट आणि मोजे हा शस्त्राइतकाच महत्त्वाचा सरंजाम आहे.

२५ हजार फुटांवरचे विजेचे कपडे

दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकेच्या बी-१७ आणि बी-२४ बॉम्बर विमानांत हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती. २५ हजार फुटांवर उणे ४० अंशांच्या खाली थंडी, आणि मशिनगन चालवणारे सैनिक उघड्या खिडकीपाशी उभे. हिमदंशानं इतकी माणसं निकामी होऊ लागली की विजेवर तापणारे सूट, हातमोजे आणि बुटांतली अस्तरं द्यावी लागली. सूटची वायर थेट विमानाच्या वीजपुरवठ्याला जोडलेली असे.

सुरुवातीच्या सूटमध्ये मोठी उणीव होती. सगळ्या तारा एकाच साखळीत जोडलेल्या होत्या. दिवाळीच्या जुन्या माळेत एक बल्ब गेला की अख्खी माळ विझते, तसंच इथं. हातमोज्यातली एक तार तुटली की पायही गार! पुढच्या सूटमध्ये जोडणी समांतर केली आणि हा धोका टळला. आजच्या हीटेड सॉक्समध्ये प्रत्येक पायाची बॅटरी स्वतंत्र असते. एक बंद पडली तरी दुसरा पाय ऊबदार राहतो.

एव्हरेस्टवर स्टोव्हवर शेकलेले बूट

२९ मे १९५३. एडमंड हिलरी पहाटे उठला तेव्हा रात्री काढून ठेवलेले त्याचे ओले बूट गोठून दगड झाले होते. ते स्टोव्हवर धरून मऊ करण्यात सुमारे दोन तास गेले. तेनसिंग नोर्गे मात्र बूट घालूनच झोपला होता! मग दोघं निघाले आणि शिखरावर पोचले.

तेनसिंग आदल्या वर्षी, १९५२मध्ये, स्विस मोहिमेत रेमों लांबेअरसोबत ८,५०० मीटरच्या वर गेला होता. लांबेअरच्या पायांची बोटं १९३८मध्येच हिमदंशानं गेली होती. आखूड पायांना बेतलेले बूट घालून तो त्या उंचीपर्यंत चढला!

तुमच्या-आमच्या ट्रेकसाठी यातला धडा : बुटांची अस्तरं सुटी होत असतील तर ती रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घ्या. अख्खे बूट घ्यायचे असतील तर पिशवीत बांधून पायांशी ठेवा. आणि हीटेड सॉक्सच्या बॅटऱ्याही तिथंच.

हीटेड मोज्याच्या पोटात काय असतं?

तीन गोष्टी : कार्बन धाग्याची किंवा बारीक धातूची तापणारी तार, पोटरीपाशी खिशात बसणारी बॅटरी, आणि ऊब कमी-जास्त करणारं बटण. काहींना रिमोट असतो, काही मोबाइलवरून चालतात. ऊब किती तास पुरेल याचं गणित सोपं आहे. समजा बॅटरीवर ७.४ व्होल्ट आणि २,००० मिलिअँपिअर-तास असं लिहिलंय. ७.४ गुणिले २, म्हणजे १४.८ वॉट-तास. मोजा ५ वॉटवर चालवला तर जेमतेम तीन तास, २ वॉटवर चालवला तर सात तासांहून अधिक. थंडीत प्रत्यक्ष वेळ याहून कमी भरते. खोक्यावरचे मोठे तास बहुतेकदा सर्वात कमी उबेवरचे असतात, हे ध्यानात ठेवा.

म्हणून वापरण्याची खरी रीत अशी : पाय गरम असतानाच मोजे घाला, सुरुवातीपासून सर्वात कमी उबेवर ठेवा, आणि थांबलात, वारा सुटला किंवा सावली आली की थोडा वेळ वाढवा. पूर्ण गारठलेला पाय पुन्हा गरम करायला बॅटरी भराभर संपते. गरम पाय गरम ठेवायला ती पुरून उरते.

बॅटरीलाही हुडहुडी

लिथियम-आयन बॅटरीतली रासायनिक क्रिया थंडीत मंदावते आणि तिची क्षमता बरीच घटते. मोज्यातली बॅटरी शरीराजवळ असल्यानं थोडी सुरक्षित. बॅगेतली जादा बॅटरी मात्र आतल्या खिशात ठेवायला हवी. शून्याखाली गारठलेली बॅटरी तशीच चार्ज करू नका. आत धातुरूप लिथियमचा थर जमतो, बॅटरी कायमची खराब होते आणि धोकादायकही ठरू शकते. आधी ती अंगाजवळ गरम करा, मग पॉवर बँकेला लावा.

विमानानं जाताना सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिन बॅगेतच न्यायच्या असतात, चेक-इन सामानात नाही. १०० वॉट-तासांपर्यंतच्या बॅटरीला सहसा वेगळी परवानगी लागत नाही, आणि मोज्यांच्या बॅटऱ्या त्याहून कितीतरी लहान असतात. टोकांवर चिकटपट्टी लावा, म्हणजे शॉर्ट सर्किटची भीती नको.

४४ अंश आणि सहा तास

भाजण्यासाठी ज्योतच हवी असं नाही. मॉरिट्झ आणि हेन्रिकेझ या संशोधकांनी १९४७मध्ये दाखवून दिलं की ४४ अंश सेल्सिअसची वस्तू सुमारे सहा तास त्वचेला चिकटून राहिली तर त्वचा भाजते. काश्मीरच्या कांगडीचा अनुभवही हेच सांगतो. फेरन नावाच्या सैल अंगरख्यात निखाऱ्यांची ही टोपली वर्षानुवर्षं अंगाशी धरल्यानं पोटावर आणि मांड्यांवर होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाचं वर्णन श्रीनगरमधल्या डॉ. एल्मस्ली यांनी १८६६मध्येच केलं होतं.

म्हणून हीटेड सॉक्स चालू ठेवून झोपू नका. आणि मधुमेह असेल, पायाला नीट संवेदना नसेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालूच नका. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार भारतात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. आई-बाबांना काश्मीरला नेताना भेट म्हणून हे मोजे देणार असाल, तर आधी त्यांच्या पायांची तपासणी करून घ्या. ही भेटीआधीची खरी काळजी.

थंडीत बोटं पांढरीफटक, मग निळी, मग लाल होत असतील तर ते मॉरिस रेनो यांनी १८६२मध्ये वर्णन केलेलं लक्षण असू शकतं. अशांना सौम्य ऊब देणारे मोजे मोठा आधार देतात, पण तेही डॉक्टरांच्या सल्ल्यानं.

पाय गार? टोपी आणि बंडी घाला!

कॅनडात झालेल्या प्रयोगांत विजेवर तापणारी बंडी घातलेल्या माणसांचे उघडे हातही उणे १५ अंशांच्या हवेत ऊबदार राहिले. धड पुरेसं गरम असलं की शरीर बोटांकडे रक्त सोडायला राजी होतं. ‘निम्मी उष्णता डोक्यातून जाते’ हे आपण नेहमी ऐकतो. ते खरं नाही. डोक्याचा वाटा साधारण दहा टक्के, म्हणजे शरीराच्या पृष्ठभागातल्या त्याच्या हिश्शाइतकाच. तरी टोपी हवीच, कारण बाकी अंग झाकलेलं असताना डोकंच उघडं राहतं.

लोखंड गंजतं, पाय शेकतो

जपानमध्ये १९२३ साली निइची मातोबा यांनी प्लॅटिनमच्या साहाय्यानं ज्योतीशिवाय तापणारी खिशातली शेगडी काढली. पुढे १९७०च्या दशकाच्या अखेरीस एकदाच वापरायच्या पुड्या लोकप्रिय झाल्या. त्यांत लोखंडाची भुकटी, मीठ, कोळसा आणि थोडं पाणी असतं. हवा लागली की लोखंड गंजतं आणि गंजताना उष्णता सोडतं! हातासाठीची पुडी बुटात घालू नका. बुटातल्या कोंदट हवेसाठी पायाच्या पुड्या वेगळ्या बनवतात. त्या मोज्याच्या बाहेरून लावायच्या, कातडीला थेट नाही. चार्जिंगची सोय नसलेल्या ट्रेकवर हा स्वस्त पर्याय फार उपयोगी पडतो.

उजनीवर येणारे अनवाणी पाहुणे

हिवाळ्यात उजनी आणि जायकवाडीच्या पाण्यावर पट्टकदंब हंस उतरतात. ते लडाख, तिबेटकडून हिमालय ओलांडून येतात. त्यांचे पाय उघडेच असतात, तरी गोठत नाहीत. पाणपक्ष्यांच्या पायांत खाली जाणाऱ्या गरम रक्ताच्या वाहिन्या आणि वर येणाऱ्या गार रक्ताच्या वाहिन्या शेजारी-शेजारी असतात. गरम रक्त आपली ऊब वाटेतच वर परतणाऱ्या रक्ताला देऊन टाकतं. शरीराची ऊब शरीरातच राहते आणि पंजा गोठणार नाही एवढंच रक्त खाली पोचतं. लडाख-स्पितीतल्या हिमबिबट्याची तऱ्हा वेगळी. त्याच्या पंजांच्या खालीही दाट केस असतात, म्हणजे निसर्गानं दिलेले मोजेच!

बोट पांढरं आणि बधिर झालं तर

नेपोलियनचा शल्यविशारद डोमिनिक लारी यानं १८१२च्या रशिया मोहिमेत पाहिलं की रात्री शेकोटीवर पाय शेकणारे आणि सकाळी पुन्हा बर्फातून चालणारे सैनिक सर्वात वाईट जखमी होतात. वितळून पुन्हा गोठणं सर्वात घातक. त्या काळी बर्फ चोळण्याचा उपाय मात्र रूढ झाला आणि शतकभर टिकला. तो चुकीचा होता. आज वैद्यक सांगतं : चोळू नका, आगीपाशी धरू नका, पाय पुन्हा गोठणार नाही अशा ठिकाणी पोचल्यावर ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात बुडवा आणि लगेच डॉक्टर गाठा. गोठलेल्या पायावर हीटेड सॉक्स चढवणंही धोक्याचं, कारण बधिर बोटाला भाजल्याचं कळत नाही.

गरम पाय, लवकर झोप

स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या संशोधकांनी १९९९मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवलं की ज्यांचे हातपाय गरम त्यांना झोप लवकर लागते. पायाच्या वाहिन्या उघडल्या की शरीराचं आतलं तापमान हळूहळू उतरतं आणि झोप येते. तंबूत उकळलेल्या पाण्याची घट्ट झाकणाची बाटली मोज्यात घालून स्लीपिंग बॅगच्या तळाशी ठेवा. सकाळी तेच पाणी प्यायला!

फुकटातले चार उपाय

थांबल्यावर बर्फावर उभं न राहता मॅटच्या तुकड्यावर, फळीवर किंवा पुठ्ठ्यावर उभे राहा. बोटं बुटात सतत हलवत राहा. एका जागी उभं राहून पाय जोरात पुढं-मागं झुलवा, म्हणजे रक्त बोटांकडे ढकललं जातं. सिगारेट टाळा, कारण निकोटिन वाहिन्या आवळतं; दारूही टाळा, कारण ती कातडीकडे रक्त वळवून आतली ऊब बाहेर सोडते.

आणि यादीतली शेवटची ओळ

हीटेड सॉक्सच्या जोडीला काही हजार रुपये पडतात. ते घेण्यात काहीच गैर नाही. पाय वाचत असतील तर तो खर्च योग्यच. पण आपलं सामान, तंबू, रॉकेल आणि भांडी वाहणारे पोर्टर, खेचरवाले आणि स्वयंपाकी पुष्कळदा जुने गमबूट आणि विरलेले मोजे घालून त्याच बर्फातून चालतात. त्यांचेही पाय तितक्याच लवकर गोठतात, आणि बोट गेलं तर त्यांची रोजीरोटी जाते. गटाचा ट्रेक ठरवताना आयोजकाला स्पष्ट विचारा : पोर्टरना बूट आणि मोजे कोण देतं? उत्तर समाधानकारक नसेल तर वर्गणीत माणशी लोकरीच्या मोज्यांचे दोन जोड धरा आणि पहिल्याच मुक्कामी, चढाई सुरू होण्याआधी, ते वाटून टाका.